‘ऑनलाइन नको’ म्हणणारं मूल नेमकं कशाला नको म्हणतं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात बी.एड. किंवा एम.एड. करणाऱ्यांना एक विषय चांगला ओळखीचा आहे: ‘माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांची आभासी अध्ययनाविषयीची अभिवृत्ती’, म्हणजे ऑनलाइन शिकण्याकडे मुलं कशी पाहतात. हायस्कूलमध्ये जाऊन प्रश्नावली वाटायची, मुलांनी खुणा करायच्या, नंतर बेरजा मांडायच्या आणि शेवटी निष्कर्ष लिहायचा. ‘विद्यार्थ्यांची अभिवृत्ती अनुकूल आढळली’ किंवा ‘ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीत सार्थक फरक आढळला’ अशी वाक्यं त्यातून बाहेर पडतात. पालकांच्या कानावर जाईपर्यंत त्यांचा अर्थ होतो ‘पोरांना मोबाइलवर शिकायला आवडतं’ किंवा ‘खेड्यातल्या पोरांना त्यात रस नाही’.

हे दोन्ही अर्थ घाईचे आहेत. शाळेने स्मार्ट बोर्ड घ्यायचा की नाही, सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन तास ठेवायचा की नाही, मुलीच्या हातात मोबाइल द्यायचा की नाही, असे निर्णय अशा वाक्यांवर होतात. म्हणून ही वाक्यं तयार कशी होतात आणि आपल्या सीमाभागात ती कशी वाचावीत, हे पालकांना आणि शिक्षकांना दोघांनाही कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अभिवृत्ती म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहण्याचा माणसाचा कल. मानसशास्त्रात तिचे तीन धागे सांगतात. त्या गोष्टीबद्दल मी काय समजतो, ती समोर आली की मला काय वाटतं, आणि प्रत्यक्षात मी काय करतो. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडची एखादी नववीतली मुलगी घ्या. व्हिडिओ पाहून भूमिती चांगली समजते, हे तिला पटलेलं असतं. पण ऑनलाइन तासाला सरांनी आपलं नाव घेतलं आणि मागे घरातली भांडणं ऐकू गेली तर, या धास्तीने तिचा जीव वर-खाली होतो. म्हणून ती तासाला येतच नाही. समजूत अनुकूल, भावना प्रतिकूल, वागणं शून्य. या तिन्हींची बेरीज करून एकच आकडा काढला, की तिच्याबद्दल आपल्याला काहीच कळत नाही.

बोलणं आणि वागणं यांत किती अंतर असू शकतं, हे रिचर्ड लापिएर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३४ साली दाखवलं. चिनी लोकांविरुद्ध उघड तिटकारा असण्याच्या त्या काळात तो एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला. अडीचशे हॉटेलं आणि खानावळींत ते गेले, त्यांतल्या एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का’ असं विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ कळवलं. कागदावरची अभिवृत्ती एक आणि दारात माणूस उभा राहिल्यावरचं वागणं दुसरं. आपल्या मुलांचं बऱ्याचदा याच्या उलट होतं. वर्गशिक्षक समोर उभे असताना ‘ऑनलाइन शिक्षण मला आवडतं’ यापुढे खूण करायला काही लागत नाही.

आकडा कसा तयार होतो

अशा बहुतेक प्रश्नावल्या रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेल्या पद्धतीवर बेतलेल्या असतात. एक विधान आणि त्यापुढे पाच पर्याय: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. त्यांना अनुक्रमे पाचपासून एकपर्यंत गुण. विधान उलट अर्थाचं असेल, उदाहरणार्थ ‘ऑनलाइन तासात माझं लक्ष लागत नाही’, तर गुणही उलटे. समजा तीस विधानं आहेत. मग कमीत कमी ३०, जास्तीत जास्त १५० आणि मधला आकडा ९०. सरासरी ९० च्या वर गेली की ‘अनुकूल’ लिहिलं जातं.

पद्धत चांगली आहे, नव्वद वर्षं टिकली आहे. पण तिला काही गोष्टी दिसत नाहीत. एका वर्गात निम्म्या मुलांना १३० गुण आहेत आणि निम्म्यांना ५०, असं धरा. सरासरी ९० येते आणि वर्ग ‘तटस्थ’ ठरतो. प्रत्यक्षात त्या वर्गात तटस्थ असं एकही मूल नाही! अर्ध्यांना ऑनलाइन हवंहवंसं आहे आणि अर्धी त्याला कंटाळली आहेत. हे दोन गट कोणते, हाच खरा प्रश्न असतो आणि सरासरी नेमका तोच पुसून टाकते. म्हणून निष्कर्ष वाचताना सरासरीच्या शेजारी गुणांचा पसारा किती आहे, हे आधी पाहावं.

‘तटस्थ’ या पर्यायातही असंच काहीतरी दडलेलं असतं. ज्या मुलाने कधी थेट ऑनलाइन तास केलेलाच नाही, ते मूल कुठे खूण करणार? मधल्या चौकटीत. ‘माझं मत मधलं आहे’ आणि ‘मला हे माहीतच नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात जमा होतात.

राहिला ‘सार्थक फरक’. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की हा फरक निव्वळ योगायोगाने आलेला असण्याची शक्यता कमी आहे. फरक मोठा आहे असा तो अर्थ होत नाही. मुलांची संख्या पुरेशी मोठी घेतली तर दीडशेपैकी दोन-तीन गुणांचा फरकही ‘सार्थक’ ठरू शकतो. आणि फरक आहे म्हटल्यावर तो का आहे, हे ती चाचणी सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं.

‘ऑनलाइन’ म्हणजे त्या मुलासाठी काय होतं?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कर्नाटकातल्या हायस्कूलच्या मुलांसमोर ‘आभासी शिक्षण’ अनेक रूपांत आलं. शहरातल्या काही शाळांत थेट तास सुरू झाले. बऱ्याच शाळांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला आणि त्यावर वहीच्या पानांचे फोटो पडू लागले. जुलै २०२० पासून आठवी ते दहावीसाठी दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवर ‘संवेद’ हे पाठ सुरू झाले. ऑगस्टमध्ये राज्य सरकारने ‘विद्यागम’ आणलं. त्यात शिक्षकांनी गावात जाऊन देवळाच्या आवारात, समाजमंदिरात, झाडाखाली मुलांचे छोटे गट घेऊन शिकवायचं होतं. त्या योजनेतच मुलांचे गट मानले होते: घरात इंटरनेट असलेली, साधा मोबाइल असलेली आणि यांतलं काहीच नसलेली. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती थांबली. जानेवारी २०२१ मध्ये दहावीचे वर्ग शाळेत भरू लागले आणि पुन्हा दुसरी लाट आली. त्या वर्षीची एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकची दहावीची परीक्षा, १९ आणि २२ जुलै अशा दोनच दिवसांत, बहुपर्यायी प्रश्नांवर उरकली गेली.

आता यांतल्या एका मुलाला विचारा, ‘ऑनलाइन शिक्षण कसं वाटलं?’ बेळगाव शहरातल्या वडगाव किंवा शहापुरातल्या मुलाला थेट तास आठवेल. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या मुलाला वहीच्या पानाचे उघडता न आलेले फोटो आठवतील. शब्द एक, अनुभव दोन. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आजची हायस्कूलची मुलं तेव्हा प्राथमिक शाळेत होती, तरी घराघरांत ‘ऑनलाइन’ या शब्दाला चिकटलेली चव तेव्हाचीच आहे. त्यामुळे थेट तास, साठवलेला व्हिडिओ, टीव्हीवरचा पाठ आणि शाळेत बसून पडद्यावर पाहिलेला धडा यांबद्दल वेगवेगळं विचारल्याशिवाय मुलांची अभिवृत्ती मोजली असं म्हणता येणार नाही.

आपल्याकडचा गुंता: भाषा

इथे थोडं जास्त थांबतो, कारण हा भाग बाहेरच्यांच्या अभ्यासांत सापडत नाही आणि आपल्या मुलांच्या बाबतीत मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बेळगाव जिल्ह्यातलं मराठी माध्यमाचं मूल कर्नाटकचा अभ्यासक्रम मराठीतून शिकतं. पुस्तक कर्नाटक सरकारचं, परीक्षा कर्नाटक बोर्डाची, भाषा मराठी. शाळेच्या वर्गात हे जमून जातं, कारण मध्ये शिक्षक असतात. मूल पडद्यासमोर एकटं बसलं की हा जोड उसवतो.

चंदन वाहिनीवरचे पाठ मुख्यतः कन्नडमधून होते. अभ्यासक्रम नेमका आपला, पण विज्ञानाच्या संज्ञा कन्नडमध्ये. गल्लीत, बाजारात कन्नड सहज बोलणारी मुलंही ‘प्रकाशाचं अपवर्तन’ कन्नडमधून ऐकताना अडखळतात. रोजची बोली येणं वेगळं आणि शास्त्राची भाषा येणं वेगळं. मग मूल यूट्यूबवर मराठीत शोधतं. ‘दहावी विज्ञान मराठी’ असं लिहिलं की समोर येतो महाराष्ट्राचा अभ्यासक्रम. भाषा आपली, पण पुस्तक दुसरं. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. कर्नाटकात नववी-दहावीचं गणित आणि विज्ञान एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पुस्तकांवर आधारलेलं आहे आणि त्यात गुरुत्वाकर्षण नववीला येतं. म्हणजे निपाणीतली दहावीची मुलगी मोठ्या उत्साहाने ‘दहावी, धडा पहिला’ लावते आणि समोर मागच्या वर्षी झालेला विषय, तोही वेगळ्या मांडणीने, वेगळ्या उदाहरणांनी. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या तिच्या मामेबहिणीला मात्र तोच व्हिडिओ अगदी पुस्तकाबरहुकूम वाटतो.

तिसरा रस्ता हिंदी-इंग्रजीतल्या व्हिडिओंचा. एनसीईआरटीमुळे धडे जुळतात, पण तिला उत्तर मराठीत लिहायचं असतं. पाहिलेलं समजलं तरी परीक्षेच्या कागदावर ते उतरवताना संज्ञा कुठून आणणार? त्या शोधून देणारं घरात कोणी नसतं.

अशा मुलीने ‘ऑनलाइन अभ्यास मला उपयोगी वाटत नाही’ या विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ खूण केली, तर ती तंत्रज्ञानाविरुद्ध आहे का? मुळीच नाही. तिच्या पुस्तकाचा, तिच्या भाषेतला पाठ तिला पडद्यावर मिळत नाही, एवढंच ती सांगते आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेलं एक प्रारूप या क्षेत्रात फार वापरलं जातं. नवं तंत्र माणूस स्वीकारेल की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, असं ते सांगतं: ते किती उपयोगी वाटतं आणि वापरायला किती सोपं वाटतं. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलाच्या बाबतीत या दोन्हींच्या मुळाशी भाषा जाऊन बसते. शोधायला अवघड आणि सापडलं तरी अर्धंच उपयोगी. माध्यमानुसार उत्तरांची विभागणी न करता केलेल्या सर्वेक्षणात हे कधीच दिसणार नाही. प्रश्नावलीही मुलाच्या माध्यमाच्या भाषेत, त्याला रोज वाचता येणाऱ्या शब्दांत असावी. ‘आभासी अध्ययनामुळे माझ्या संपादणुकीत वृद्धी होते’ असं वाचून आठवीतलं मूल काय खूण करणार?

फोन घरात आहे, पण कुणाच्या हातात?

‘घरी स्मार्टफोन आहे का?’ या प्रश्नाला आता जवळपास सगळीच मुलं ‘हो’ म्हणतात. प्रश्न त्यापुढे सुरू होतो. ‘असर’ ही ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची देशव्यापी पाहणी. तिच्या २०२१ च्या अहवालात घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण ६७.६ टक्के होतं, २०१८ मध्ये ते ३६.५ होतं. मोठी झेप. पण ज्यांच्या घरी फोन होता, त्यांतल्या सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. २०२३ च्या पाहणीत चौदा ते अठरा वयोगट पाहिला. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये सुमारे २० टक्के. हे आकडे आपल्या जिल्ह्याचे नाहीत, देशातल्या वेगवेगळ्या ग्रामीण भागांत मिळालेले आहेत. पण चित्र आपल्या ओळखीचं आहे.

वडील फोन घेऊन सकाळी कामाला जातात, उद्यमबागच्या कारखान्यात किंवा उसाच्या फडात. ते परत येतात तेव्हा फोन आधी धाकट्या भावाच्या हातात जातो. मुलीची पाळी येते तेव्हा स्वयंपाकाची वेळ झालेली असते, आणि स्वयंपाक उरकेपर्यंत दिवसाचा डाटा संपलेला असतो. वर ‘मुलीच्या हातात मोबाइल नको’ हे आहेच. अशा वेळी ‘मुलींची अभिवृत्ती मुलांपेक्षा कमी अनुकूल’ असा निष्कर्ष लिहिला गेला, तर तो मुलींच्या मनाबद्दल आहे की घराच्या नियमांबद्दल? संशोधकाने ‘फोन दिवसात किती वेळ आणि कोणत्या वेळी तुझ्या हातात असतो’ एवढं विचारलं असतं, तरी पुष्कळ उलगडा झाला असता.

रेंजचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे. कणकुंबी, आमगाव, भीमगड अभयारण्याच्या आजूबाजूची गावं. तिथे जुलैच्या पावसात शाळेला सुट्टी द्यावी लागते आणि त्याच पावसात वीज आणि रेंजही जाते. ऑनलाइनची सगळ्यात जास्त गरज ज्या दिवशी, नेमकं त्याच दिवशी ते बंद. त्या गावच्या मुलाचा नकार हा अनुभवाने आलेला आहे, त्याला मागासलेपण म्हणू नये.

आवडणं आणि शिकणं

आता दुसरी बाजू. समजा फोन आहे, रेंज आहे, भाषाही जुळली आणि मूल म्हणालं ‘मस्त, आवडतं मला’. मग ते शिकतंय असं म्हणायचं का?

हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी उत्तम वक्त्याचं गुळगुळीत व्याख्यान ऐकलं. काहींनी तोच विषय स्वतः गणितं सोडवत, गटात झगडत शिकला. व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. चाचणीत मात्र झगडणारे पुढे होते. याचं कारण असं. एखादी गोष्ट सहज कानावर पडत गेली की मेंदूला ती कळल्यासारखी वाटते. अडखळत केलं की ‘आपल्याला येत नाही’ असं वाटतं, पण खरं शिकणं त्या अडखळण्यात होत असतं.

चांगल्या व्हिडिओचा धोका हाच आहे. निवेदक गोड बोलतो, चित्रं हलतात, वीस मिनिटांत ‘पायथागोरस’ संपतो आणि मूल खूश. वही उघडून पहिलं गणित करायला घेतलं की पेन जागच्या जागी थांबतो. म्हणून ‘आवडतं’ या उत्तराला शिकण्याचा पुरावा मानू नये. आणि ‘कंटाळा येतो’ याला नापासाचा शिक्काही देऊ नये. व्हिडिओ थांबवून गणित करायला लावणारे शिक्षक मुलांना कमी आवडतील, पण फायदा त्यांच्याचकडून होईल.

म्हणून पडदा वाईट असं मी म्हणत नाही, उलट त्याच्या काही गोष्टी वर्गाला जमतच नाहीत. मागे घेऊन पुन्हा पाहता येणं, ही सावकाश समजणाऱ्या मुलासाठी केवढी मोठी सोय आहे! साठ जणांच्या वर्गात हात वर करायला लाजणारा मुलगा रात्री सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न विचारतो. प्रयोगाचं साहित्य नसलेल्या शाळेत तर पडद्याने चमत्कार होऊ शकतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात विजेचं मंडल जोडणं, लंबक हलवणं, द्रावण आम्ल आहे की नाही ते तपासणं असे प्रयोग संगणकावर स्वतःच्या हाताने करून पाहता येतात. ते मोफत आहेत, त्यांतले बरेच मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतात, आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. ओहमचा नियम असा हाताळून पाहिलेल्या मुलाची ‘अभिवृत्ती’ आणि फक्त फोटो पाठवलेल्या मुलाची ‘अभिवृत्ती’ एकाच तराजूत तोलणं अन्यायाचं आहे.

मग विचारायचं कसं?

तुम्ही शिक्षक असाल आणि तुमच्या शाळेत अशी पाहणी करणार असाल, तर मतांच्या आधी परिस्थिती विचारा. फोन कोणाचा, किती वेळ हातात, रेंज घरात की टेकावर, कोणत्या माध्यमाचं मूल, पाहिलेला पाठ कोणत्या भाषेत होता. त्यानंतर मतं विचारा, तीही प्रत्येक प्रकाराबद्दल स्वतंत्र. ‘तटस्थ’च्या शेजारी ‘मी हे कधी केलेलं नाही’ असा वेगळा रकाना ठेवा. नाव लिहायला लावू नका आणि खुणा करताना वर्गशिक्षकांना बाहेर थांबायला सांगा.

उत्तरं आली की बेरजेच्या आधी ढीग करा. पाठ समजतो पण मिळत नाही, अशी मुलं निघाली तर त्यांच्यासाठी शाळेच्या संगणकावर पाठ उतरवून मेमरी कार्डात भरून देता येतील, किंवा शाळा सुटल्यावर तासभर खोली उघडी ठेवता येईल. यात फारसा खर्च नाही. पाठ मिळतो पण समजत नाही, अशांसाठी बाहेरचा झगमगीत व्हिडिओ कामाचा नाही. त्यांना त्यांच्याच बाईंच्या आवाजात, कर्नाटकच्या पुस्तकातला, मराठी संज्ञांचा दहा मिनिटांचा साधा पाठ हवा. फोन फळ्यासमोर उभा करून तो शाळेतच तयार होतो. खानापूर-बेळगावच्या चार शाळांनी धडे वाटून घेतले, तर वर्षभरात दहावीचं विज्ञान पूर्ण होईल. आणि मिळतंही, समजतंही, तरी नको, असं म्हणणारी मुलंही असतील. मैत्रिणी, मैदान, बाईंची नजर यांशिवाय अभ्यासात मन लागत नाही असं चौदा वर्षांच्या मुलाने सांगितलं, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

प्रश्नावलीच्या शेवटी चार ओळींची रिकामी जागा ठेवा आणि हवं ते लिहू द्या. मराठीत, कन्नडमध्ये, दोन्ही मिसळून, घरी बोलतात तसं. शुद्धलेखन तपासणार नाही, हे आधीच सांगा. बेरजेत हे धरता येत नाही म्हणून बरेच जण ती जागा ठेवतच नाहीत. पण ‘फोन बाबांचा, नेट दादाचं, मला रात्री दहानंतर’ असं एखादं वाक्य तिथेच सापडतं, आणि पुढच्या वर्षीची प्रश्नावली कुठून सुरू करायची ते त्यावरून ठरवता येतं.